सकाळी बसणारं क्लोजिंग दुपारी का फिसकटतं? मशीनवर शंका घेण्याआधी हवा तपासा

मार्च ते जून, साइट कुठलीही असो, सर्व्हेची तक्रार एकच येते. सकाळी आठला घेतलेलं ट्रॅव्हर्स, म्हणजे पॉइंटपासून पॉइंट अशी ओळीने केलेली मोजणी, व्यवस्थित बसतं; शेवट सुरुवातीशी जुळतो, यालाच क्लोजिंग म्हणतात. तीच मंडळी, तेच मशीन, तेच पॉइंट, पण दुपारी एकला घेतलं की उंचीत दीड-दोन सेंटिमीटरचा फरक. उंची मोजणाऱ्या ऑटो लेव्हलमधून बघावं तर स्टाफवरचे, म्हणजे समोर उभ्या धरलेल्या मोजपट्टीवरचे, आकडे नाचतात. कोन आणि अंतर मोजणारं टोटल स्टेशन कधी अंतरच देत नाही, तर कधी देतं आणि दर वेळी थोडं वेगळं. मग मशीन कॅलिब्रेशनला जातं, "सर्व ठीक" असा शेरा घेऊन परत येतं, आणि आठवड्याने तोच घोळ पुन्हा.

किरण मशीनमधून निघून प्रिझमवर, म्हणजे समोरच्या पॉइंटवर लावलेल्या परावर्तकावर, आदळून परत येतो. तेवढ्या वेळात तो ज्या हवेतून जातो ती हवा त्याच्यावर चार वेगवेगळे परिणाम करते: त्याला वाकवते (अपवर्तन), हलवते (झळा), त्याचा वेग बदलते (पीपीएम) आणि त्यातला प्रकाश इकडे-तिकडे उधळते (विकिरण). या चारींची लक्षणं वेगळी आणि उपायही वेगळे. साइटवर मात्र सगळ्यांना मिळून "आज हवा खराब आहे" म्हणायची पद्धत आहे, म्हणून एकाचा उपाय दुसऱ्यावर लावला जातो आणि प्रश्न सुटत नाही.

आधी मशीनला निर्दोष ठरवा

हे काम झटपट उरकता येतं. सकाळी ऊन चढायच्या आत, शक्यतो ढगाळ दिवशी, ऑटो लेव्हलची टू-पेग टेस्ट करा, म्हणजे दोन खुंट्यांमधला उंचीचा फरक एकदा मधून आणि एकदा एका खुंटीजवळून मोजून जुळवा. टोटल स्टेशनचा एकच पॉइंट फेस लेफ्ट आणि फेस राइट (दुर्बीण उलटवून, दोन्ही बाजूंनी) घेऊन उभ्या कोनाची इंडेक्स एरर, म्हणजे शून्याची चूक, बघा. दोन्ही ठीक निघालं तर मशीन बाजूला ठेवा. हीच टेस्ट भर दुपारी, तापलेल्या मैदानावर करू नका. तेव्हा हवेची चूक मशीनच्या नावावर लागते, आणि कोणी उत्साहाने क्रॉस हेअरचा (दुर्बिणीतल्या फुलीचा) स्क्रू फिरवला तर चांगलं मशीन खरोखरच बिघडतं.

दोन्ही फेस घेतल्यावर हवेची चूक जाते, असा एक समज आहे. तसं होत नाही. फेस बदलल्यावर मशीनची स्वतःची चूक उलट्या दिशेला जाते आणि सरासरीत कटते. वाकलेला किरण दोन्ही फेसला सारखाच वाकलेला असतो.

आता फरकाचा स्वभाव बघा. अंतर कितीही असो, चूक तेवढीच येत असेल, समजा प्रत्येक वेळी 30 मिलिमीटर, तर तो प्रिझम कॉन्स्टंटचा, म्हणजे प्रिझमप्रमाणे मशीनमध्ये भरायच्या ठरावीक दुरुस्तीचा, घोळ आहे. हवेचा त्यात काही संबंध नाही, मिनी प्रिझम आणि मोठा प्रिझम बदलताना सेटिंग तसंच राहिलेलं असतं. चूक अंतराच्या प्रमाणात वाढत असेल तर पीपीएम, म्हणजे दहा लाखात एक भाग या मापाने भरायची हवेची दुरुस्ती. फक्त उंची चुकते आणि दिवसाच्या वेळेप्रमाणे बदलते, तर अपवर्तन. रीडिंग एका जागी थांबत नाही, तर झळा. मशीन मोजतच नाही, तर बहुतेक वेळा विकिरण.

उंची चुकते: अपवर्तन

यावर सर्वात जास्त बोलायला हवं, कारण ही चूक दिसत नाही.

डिप्लोमाला आपण सगळ्यांनी 0.0673 गुणिले अंतराचा वर्ग हे सूत्र पाठ केलं. अंतर किलोमीटरमध्ये, उत्तर मीटरमध्ये. पृथ्वीच्या गोलाईमुळे एका किलोमीटरला 78 मिलिमीटरची दुरुस्ती लागते, आणि हवेतून जाताना किरण किंचित खाली वाकतो म्हणून त्यातला साधारण सातवा भाग वजा होतो. टोटल स्टेशनच्या सेटिंगमध्ये दिसणारा के म्हणजे हाच वाटा, बहुतेक मशीनमध्ये 0.13 किंवा 0.14 भरलेला असतो.

हा आकडा जमिनीपासून बऱ्यापैकी उंच जाणाऱ्या किरणासाठी, दिवसाच्या सरासरी हवेसाठी आहे. आपली लाइन जाते डांबराच्या वर दीड मीटरवरून, किंवा नांगरून पडलेल्या काळ्या रानावरून. दुपारी जमीन तापते, तिला लागून असलेली हवा गरम आणि विरळ होते, वरची हवा तुलनेने थंड आणि दाट राहते. किरण नेहमी दाट हवेकडे वळतो, म्हणजे इथे वरच्या बाजूला. मृगजळ दिसतं ते याच कारणाने. अशा वेळी के नुसता कमी होत नाही, शून्याच्या खाली जातो. उंचीच्या दर मीटरला तापमान अर्धा अंश जरी घसरत असलं, तरी के उणे दोनच्या पुढे जातो. तापलेल्या जमिनीच्या अगदी जवळ ही घसरण याहून कितीतरी जास्त असते.

हिशेब करून बघा. 300 मीटरला गोलाईची दुरुस्ती 7 मिलिमीटर. मशीन समजतं की त्यातला एक मिलिमीटर अपवर्तनाने कमी झाला. प्रत्यक्षात के उणे दोन असेल तर अपवर्तन उलट्या दिशेने 14 मिलिमीटर. एकूण 15 मिलिमीटरचा फरक, लक्ष्य खऱ्यापेक्षा खाली दिसतं आणि आरएल, म्हणजे पॉइंटची ठरवलेली उंची, कमी येतो. दुपारचे ते दीड सेंटिमीटर इथून येतात.

आता लेव्हलिंगकडे. बॅकसाइट (मागच्या स्टाफवरचं रीडिंग) आणि फोरसाइट (पुढच्या स्टाफवरचं) सारख्या अंतरावर ठेवले की अपवर्तन कटतं, हे खरं आहे, पण सपाट जमिनीवर. चढावर काय होतं ते नीट बघा. चढाच्या मध्यावर मशीन लावलं. मागचा स्टाफ खाली आहे, त्याच्यावर रीडिंग तीन-साडेतीन मीटरला येतं. तो किरण त्या बाजूला जमिनीपासून उंच, बऱ्यापैकी निवांत हवेतून जातो. पुढचा स्टाफ वर आहे, त्याच्यावर रीडिंग 0.300 च्या आसपास. हा किरण शेवटी जमिनीला घासत जातो, तापलेल्या थरातून, आणि वर वाकतो. फोरसाइट खऱ्यापेक्षा जास्त वाचलं जातं, चढ कमी येतो. प्रत्येक सेटअपला थोडा थोडा, आणि सगळा एकाच दिशेला. घाटरस्त्यावर असे सेटअप ओळीने लागतात, तेव्हा चूक साचत जाते.

परत येताना आता तोच वरचा स्टाफ बॅकसाइट झाला, त्याचं रीडिंग पुन्हा जास्त, म्हणून उतारही कमी मोजला गेला. जाताना चढ कमी, येताना उतार तेवढाच कमी. क्लोजिंग सुंदर बसतं! फील्डबुक बघून साहेब खूश, आणि माथ्यावरच्या बेंचमार्कचा (उंचीच्या पक्क्या खुणेचा) आरएल चुकीचाच. चढाच्या कामात दुपारी जाऊन दुपारी परत आलेल्या क्लोजिंगवर माझा विश्वास नाही, आणि तुम्हीही ठेवू नये. जाताना सकाळ आणि येताना दुपार असेल तर निदान फरक डोळ्यासमोर येतो. लोक त्या फरकाने घाबरतात. खरं तर तोच आपल्याला सावध करतो.

मोठमोठ्या संस्थांनाही या चुकीने चकवलं आहे. कॅलिफोर्नियात सॅन अँड्रियास भ्रंशाजवळ पामडेल भागात जमीन फुगून वर आली आहे, असं जुन्या-नव्या लेव्हलिंगची तुलना करून 1976 मध्ये जाहीर झालं. भूकंपाच्या भीतीने त्याची मोठी चर्चा झाली. नंतरच्या अभ्यासात असं मांडलं गेलं की त्या फुगवट्याचा बराच भाग लेव्हलिंगमधल्या अपवर्तनाचा होता. जुन्या सर्व्हेत साइट (मशीन ते स्टाफ हे अंतर) लांब घेतलेल्या, नव्या सर्व्हेत आखूड. आखूड साइटमध्ये चूक कमी, म्हणून चढ जास्त मोजला गेला आणि जमीन उचलल्यासारखी वाटली. अशी चूक सुधारण्याचं सूत्र फिनलंडच्या कुक्कामाकी यांनी 1938 मध्येच दिलेलं होतं, पण त्यासाठी जमिनीपासून वेगवेगळ्या उंचीवरचं तापमान मोजावं लागतं.

साइटवर तापमानाचे खांब कोण उभे करणार? मग करायचं ते असं. स्टाफवर अर्ध्या मीटरच्या खालचं रीडिंग घ्यायचं नाही, डांबर किंवा काँक्रीटवर तर शक्यतो एक मीटर. त्यासाठी चढावर साइट आखूड करावी लागते, 25-30 मीटरपर्यंत. सेटअप वाढतात, हेल्पर कुरकुरतो, पण अंतर निम्मं केलं की ही चूक चौथाई होते. टोटल स्टेशनने लांबची उंची न्यायची असेल तर दोन्ही टोकांकडून उभा कोन घ्या, शक्यतो एकाच वेळी, आणि सरासरी काढा. मधली हवा दोन्ही बाजूंना सारखी असेल तर अपवर्तन त्यात बहुतांशी कटतं. एक माणूस सकाळी इकडून आणि दुपारी तिकडून, याला उपयोग नाही, कारण दोन्ही वेळची हवा वेगळी. दरी ओलांडून जाणारी लाइन जमिनीलगतच्या लाइनीपेक्षा नेहमी चांगली.

रात्री काम केलं तर? रात्री जमीन निवते, तिच्या लगतची हवा वरच्यापेक्षा थंड होते आणि किरण खाली वाकतो. के एकच्या पुढेही जाऊ शकतो, आणि एरवी आड असलेला दूरचा पॉइंट वर उचलला जाऊन दिसू लागतो. भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात याचा मुद्दाम उपयोग झाला. विल्यम लॅम्बटन यांनी 1802 मध्ये मद्रासहून हे काम सुरू केलं, 1823 मध्ये आपल्या हिंगणघाटला त्यांचं निधन झालं, आणि सूत्रं जॉर्ज एव्हरेस्ट यांच्याकडे गेली. एव्हरेस्ट यांनी दिवसा आरशाने ऊन फेकणारे हेलिओट्रोप आणि रात्री दिवे वापरून दूरचे पॉइंट पकडले. आडव्या कोनासाठी रात्र उत्तम. पण रात्री हवा शांत असते म्हणून उंचीही बिनचूक येईल, असं धरून चालू नका. किरण स्थिर असतो आणि वाकलेलाही असतो.

रीडिंग नाचतं: झळा

हा त्रास डोळ्यांना दिसतो, म्हणून त्यामानाने सोपा. गरम हवेचे पुंजके वर जातात, थंड खाली येतात, आणि प्रत्येक पुंजका किरणाला किंचित वेगळीकडे ढकलतो. स्टाफचा एकेक सेंटिमीटरचा पट्टा फुगतो, आक्रसतो, कडा विरघळल्यासारख्या दिसतात. लेझर लेव्हलचा ठिपका दूरच्या भिंतीवर थरथरतो आणि पसरतो. डिजिटल लेव्हल बारकोड वाचायला वेळ लावते किंवा एरर देते.

ही चूक दोन्ही बाजूंना सारखी होते, म्हणून जास्त रीडिंग घेऊन सरासरी काढली की बरीच आटोक्यात येते. मशीनला सरासरीचा मोड असेल तर वापरा, नसेल तर हाताने पाच-सात रीडिंग लिहा. एक धोका मात्र लक्षात ठेवा: सरासरीने नाचणं थांबतं, वाकणं थांबत नाही. जिथे झळा दिसतात तिथे अपवर्तनही जोरात असतं, आणि स्थिर सरासरी बघून माणूस निर्धास्त होतो.

झळा सर्वात कमी कधी? सूर्योदयानंतर थोड्या वेळाने आणि सूर्यास्ताच्या आधी, जमीन आणि हवा जवळपास एका तापमानाला येतात तेव्हा. अचूक लेव्हलिंग त्या वेळात बसवा. दुपार डिटेलिंगला, म्हणजे बारीकसारीक तपशील टिपायला, जिथे दोन सेंटिमीटरने बिघडत नाही. ढगाळ आणि थोडं वारं असलेला दिवस मिळाला तर तो वाया घालवू नका, अख्खा दिवस काम होतं.

मशीनवर छत्री धरणंही याच सदरात सांगतो. ऊन एका बाजूने लागलं की ट्रायपॉडचा तो पाय तापतो, बबल सरकतो, आणि दोष पुन्हा हवेवर जातो.

अंतर थोडं चुकतं: पीपीएम

टोटल स्टेशन अंतर मोजतं ते प्रकाशाच्या वेगावरून, आणि तो वेग हवेच्या घनतेवर अवलंबून आहे. मशीनमध्ये एक संदर्भ हवा गृहीत धरलेली असते. दाब 1013 मिलिबार, आणि तापमान कंपनीप्रमाणे 12, 15 किंवा 20 अंश. तापमान एक अंशाने बदललं की साधारण 1 पीपीएम, म्हणजे किलोमीटरला 1 मिलिमीटर. दाब साडेतीन मिलिबारने बदलला की तेवढंच. विदर्भात मे महिन्यात 45 अंशाला, 15 अंशाचं सेटिंग तसंच ठेवून काम केलं तर फक्त तापमानापोटी किलोमीटरला 26-27 मिलिमीटर जातात. हवा विरळ, प्रकाश जास्त वेगाने गेला, मशीनला कळलं नाही, अंतर कमी आलं.

तापमान बहुतेक जण भरतात. गडबड होते ती दाबात. मोबाइलवरच्या हवामान ॲपमध्ये दिसणारा दाब समुद्रसपाटीला आणून दाखवलेला असतो. पुण्यात ॲप 1010 दाखवतं, पण शहर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर, तिथे प्रत्यक्ष दाब 950 च्या आसपास. ॲपचा आकडा जसाच्या तसा भरला तर किलोमीटरला 17 मिलिमीटरची चूक आपणच घालतो. महाबळेश्वरला प्रत्यक्ष दाब 865 च्या आसपास, तिथे चूक 40 मिलिमीटरवर जाते. दोन वेगळ्या माणसांनी, एकाने उंची भरून आणि दुसऱ्याने ॲपचा दाब भरून, एकच लाइन मोजली तर जुळणार कशी? साधं बॅरोमीटर वापरा, किंवा मशीनला समुद्रसपाटीपासूनची उंची देऊन त्यालाच दाब काढू द्या. सेन्सर असलेल्या मोबाइलवर प्रत्यक्ष दाब दाखवणारी ॲपही मिळतात.

तापमान सावलीत आणि किरणाच्या उंचीवर मोजा. गाडीच्या डॅशबोर्डवरचं नको. आर्द्रतेचा परिणाम यामानाने किरकोळ, कोकणात भर पावसाळ्यातही दीड पीपीएमच्या आसपास. साध्या बांधकामाला तो सोडला तरी चालतो.

पन्नास मीटरच्या लेआउटला या सगळ्याचा काही फरक पडत नाही, एक-दोन मिलिमीटर. रस्ता, कॅनॉल, पाइपलाइन, पुलाचे कंट्रोल पॉइंट, तिथे हे बघितलंच पाहिजे.

मशीन मोजतच नाही: विकिरण

स्वच्छ हवेतले रेणूही प्रकाश उधळतात, आणि निळा तांबड्यापेक्षा कितीतरी जास्त. लॉर्ड रॅले यांनी 1871 मध्ये दाखवलं की हे प्रमाण तरंगलांबीच्या चौथ्या घाताने कमी होत जातं. म्हणून आकाश निळं, आणि म्हणून आपल्या मशीनच्या तांबड्या लेझरला रेणूंचा त्रास नगण्य, किलोमीटरला एक टक्काही प्रकाश जात नाही. अडचण धूळ, धूर आणि धुक्याच्या थेंबांची. धुक्याचा थेंब लेझरच्या तरंगलांबीच्या कित्येक पट मोठा असतो. तिथे रंगाने फरक पडत नाही, तांबडा-हिरवा सगळे सारखेच उधळले जातात. "हिरवा लेझर धुक्यातून जातो" असं कोणी विकायला आलं तर ऐकून सोडून द्या. हिरवा डोळ्याला जास्त ठळक दिसतो, एवढंच.

दृश्यमानता एक किलोमीटरच्या आत आली की हवामानशास्त्रात त्याला धुकं म्हणतात. अशा हवेत एक किलोमीटरच्या वाटेत सरळ जाणारा प्रकाश दोन टक्क्यांवर येतो. 500 मीटरवरच्या प्रिझमला जाऊन-येऊन हीच वाट होते, म्हणून सिग्नल मिळत नाही. दृश्यमानता पाच किलोमीटर झाली की त्याच वाटेत पंचेचाळीस टक्क्यांच्या आसपास प्रकाश उरतो आणि मशीन आरामात मोजतं. तेव्हा धुक्यात मशीनशी झगडण्यापेक्षा तासभर थांबणं शहाणपणाचं. ऊसपट्ट्यात हिवाळ्याच्या संध्याकाळी पाचट पेटवलं की धूर वरच्या उबदार हवेखाली अडकून जमिनीलगतच्या थंड हवेत पसरतो, नेमका आपल्या लाइनीच्या उंचीवर. तो सकाळपर्यंत हटत नाही. क्रशरजवळ वाऱ्याची दिशा बघून पॉइंट निवडा.

प्रिझमवर मोजताना विकिरणाने सहसा अंतर चुकत नाही, फक्त मिळत नाही. बिनप्रिझमच्या मोडमध्ये गोष्ट वेगळी. तिथे भिंतीवरून परत येणारा प्रकाश मुळातच क्षीण, आणि वाटेतल्या पावसाच्या धारा, धुळीचा लोट किंवा झाडाची फांदी यांच्यावरून परतलेला प्रकाश त्यात मिसळतो. मशीन बिनदिक्कत एक आकडा दाखवतं, तो भिंतीच्या अलीकडचा. पावसात किंवा डंपर जात असताना बिनप्रिझमने घेतलेलं कुठलंही अंतर दुसऱ्यांदा घ्या, आणि महत्त्वाचा पॉइंट असेल तर प्रिझमच लावा.

हवेला दोष देण्याआधी काच बघा. एसी गाडीतून मशीन काढून थेट दमट हवेत उभं केलं की ऑब्जेक्टिव्हवर (दुर्बिणीच्या पुढच्या काचेवर) बाष्प धरतं, आणि तो पातळ थर धुक्यासारखाच प्रकाश उधळतो. आत-बाहेरच्या तापमानातल्या दर अंशाच्या फरकाला साधारण दोन मिनिटं मशीन उघड्यावर निवू द्या. ओली काच शर्टाच्या टोकाने पुसू नका, धुळीच्या कणांनी कोटिंगवर ओरखडे पडतात आणि ते कायमचे राहतात.

आडवा कोन चुकत असेल तर

हे क्वचित होतं, पण सापडायला फार वेळ लागतो. उन्हाने तापलेल्या लांब कंपाउंड वॉलला चिकटून लाइन गेली, किंवा बोगद्यात भिंतीजवळून नेली, तर तापमानाचा फरक आडव्या दिशेला असतो आणि किरण बाजूला वाकतो. लाइन भिंतीपासून शक्य तितकी दूर न्या. बोगद्यात सगळे पॉइंट एकाच भिंतीवर घेऊ नका, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे असे घ्या.

एवढं करूनही फरक राहिला, तर मशीन पाठवण्याआधी दोन पक्के पॉइंट ठरवा, साधारण 200 मीटरवर. त्यांचं अंतर आणि उंचीतला फरक सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी घ्या. प्रत्येक वेळी फील्डबुकात वेळ, सावलीतलं तापमान, प्रत्यक्ष दाब, ऊन की ढग, आणि लाइनीखाली डांबर, गवत की माती हे लिहा. आकडे घड्याळाबरोबर बदलत असतील तर मशीन पाठवून काही होणार नाही. तिन्ही वेळी चूक सारखीच असेल तर ते पान मशीनच्या पेटीत ठेवून सर्व्हिस सेंटरला पाठवा, आणि कुठल्या लाइनीवर किती फरक येतो हे त्यावर ठळक लिहा.